अधिक ज्येष्ठातले लंडन

लंडनमध्ये मे महिना लागला की शनिवारी घरात बसणे हा जवळजवळ गुन्हाच मानला जातो. सहा-सात महिने ढगांखाली काढलेली माणसे उन्हाचा पहिला कवडसा पडताच बागेतल्या खुर्च्या पुसायला घेतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी कचेरीत ‘उद्या कुठे?’ याखेरीज दुसरे बोलणे निघत नाही. आम्ही उभयता मूळचे उज्जैनचे. आमच्या लहानपणीचा मे म्हणजे दुपारी ओस पडलेले रस्ते, खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे आणि ‘लू लागेल, बाहेर पडू नका’ हा वडीलधाऱ्यांचा धाक. ऊन पडले म्हणून घराबाहेर पडायचे, हा उलटा धडा गिरवायला आम्हाला काही वर्षे लागली. पण एकदा गिरवल्यावर आम्ही त्यात असे तरबेज झालो की कोणत्या बागेत कोणत्या आठवड्यात काय फुलते, हे आमच्या दिनदर्शिकेवर आधीच लिहिलेले असे.

२०१८ च्या उन्हाळ्यात ही सारी विद्या पणाला लावण्याचा प्रसंग आला. त्या वर्षी आई आमच्याकडे आली होती. आमच्यापैकी एकीची ती आई आणि दुसऱ्याची सासू. लिहिणारा हात एकीचा असला तरी आठवणी दोघांच्या आहेत, म्हणून येथे आम्ही ‘आम्ही’ असेच लिहितो.

आईचे घर उज्जैन शहराच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी, भैरवगढला आहे. तेथले लोक भेरूगढ म्हणतात. कालभैरवाचे देऊळ, सिद्धवटाचा घाट, मध्यवर्ती तुरुंग आणि छिप्यांचे कापड छापण्याचे कारखाने, एवढ्या चार खुणांवर बाहेरच्या माणसाला गाव सापडते. वडील तुरुंगाच्या कचेरीत नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर शहरात, चार मराठी घरांच्या शेजारी जागा घ्यावी असे आप्तांनी सुचवले. पण त्यांनी भैरवगढलाच दोन खोल्या, ओसरी आणि अंगण एवढे घर बांधले. २०१६ चा सिंहस्थ पार पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते गेले. आईला दुसरे अपत्य नाही. बहात्तराव्या वर्षी ती त्या घरात एकटी राहिली.

फोनवर ती कधी तक्रार करीत नसे, आणि त्यामुळेच आम्हाला अधिक काळजी वाटे. आम्ही मनाशी ठरवून टाकले की तिला आता लंडनलाच ठेवून घ्यायचे. वृद्ध आईवडिलांना येथे कायमचे आणण्याचे नियम २०१२ पासून फार कडक झालेले आहेत, हे आम्हाला ठाऊक होते. परंतु आधी तिचा होकार मिळू दे, मग वकिलाचे दार ठोठावू, असा आमचा हिशेब. होकार मिळणे सोपे नव्हते. ‘लेकीच्या घरी पाहुणी म्हणून चार दिवस जावं, राहायला जाऊ नये,’ या मताची ती. तेव्हा तोंडाने काही बोलायचे नाही, लंडनलाच बोलू द्यायचे, असे आम्ही योजले. दर शनिवारी एक सहल. शहरच तिचे मन वळवील, अशी आमची खात्री होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती आली, तेव्हा सामानात कपडे थोडे आणि इतर गोष्टीच अधिक होत्या: कुळथाचे पीठ, रतलामची शेव, आणि शेजारच्या छिप्यांच्या घरून आणलेली बाटिकची मोठी चादर. तांबड्या-निळ्या रंगाची, आणि सर्वांगावर मेणाच्या भेगांतून रंग झिरपून उमटलेल्या बारीक रेघा असलेली. ती आम्ही त्या उन्हाळ्यात लंडनच्या निम्म्या बागांतून अंथरली. मनगटावरचे घड्याळ मात्र तिने हिंदुस्थानच्या वेळेवरच ठेवले. ‘साडेचार तास वजा करायला मला येतं,’ म्हणाली.

पहिली सहल क्यूच्या उद्यानाची. पाच वर्षे दुरुस्तीसाठी बंद असलेले तेथले टेंपरेट हाउस त्याच महिन्यात पुन्हा उघडले होते, आणि ते पाहायला सारे लंडन लोटले होते. ते पाहून आम्ही तिला पाम हाउसमध्ये नेले. १८४८ मध्ये पूर्ण झालेले हे लोखंडाचे व काचेचे प्रचंड घर आतून वाफेने दमट ठेवलेले असते. केळी, नारळ, ताड, सारे आपल्याकडचे भाईबंद तेथे काचेखाली नावाच्या पाट्या लावून उभे. आईने केळीच्या पानावरून हात फिरवला, पदराने मान पुसली आणि विचारले, ‘इथं यायला तिकीट किती पडलं?’ आम्ही आकडा सांगितला. ‘एवढे पैसे देऊन घाम?’ ती म्हणाली. ‘वैशाखात आमच्याकडे फुकट मिळतो.’ नात खो खो हसली. आम्हीही हसलो; पण बाहेर पडल्यावर आई दोनदा मागे वळून त्या काचेकडे बघत होती, हे आमच्या लक्षात आले. ‘झाडं बरी आहेत,’ एवढेच ती पुढे म्हणाली. ‘हिंडायला फार येतात लोक त्यांच्याकडे.’

त्या मे महिन्याने आम्हाला मोठी साथ दिली. इंग्लंडात इतका उजळ आणि उबदार मे त्यापूर्वी नोंदलेला नव्हता. छत्र्या घरीच राहिल्या. हाइड पार्कमध्ये तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कापडी खुर्च्यांवर बसून तिने बदके पाहिली आणि खुर्चीचे भाडे ऐकून चादरीवर येऊन बसली. रिचमंड पार्कमध्ये हरणे पाहिली. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये कुंपण घालून घेतलेले हे अडीच हजार एकरांचे रान आजही शहराच्या कुशीत आहे, आणि त्यात सहाशेहून अधिक हरणे मोकळी हिंडतात. आम्ही तिला आकडे सांगत होतो, सनावळ्या सांगत होतो. आता वाटते, घर विकायला काढलेल्या दलालाने गिऱ्हाइकाला खोल्या दाखवाव्यात, तसे आमचे चालले होते.

एका गोष्टीने मात्र ती अस्वस्थ होई. संध्याकाळचे नऊ वाजले तरी उजेड जात नसे. भैरवगढला सातच्या सुमारास दिवेलागण. तुळशीपाशी दिवा, मग देवापाशी, मग ओसरीवरचा दिवा. येथे सातला लख्ख ऊन. पहिले काही दिवस ती सातलाच निरांजन लावून मोकळी झाली. मग म्हणाली, ‘उन्हात दिवा लावते आहे मी, वेड्यासारखी.’ नंतर ती नवापर्यंत वाट पाहू लागली. त्या दोन तासांत तिला काय करावे ते सुचत नसे. ती खिडकीशी बसून राही. आम्ही समजत होतो की ती लंडनचा लांबलेला संधिप्रकाश पाहते आहे.

प्रिमरोझ हिलला गेलो तो दिवस वेगळा. टेकडीवरून सारे शहर दिसते म्हणून सगळे जातात. आम्ही तेथून जवळच किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरापाशी तिला नेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. आईने पायरीपाशी उभे राहून हात जोडले. ‘आपल्या महूचे,’ ती म्हणाली. बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला; माळव्यातल्या माणसाला ते आपले वाटतात ते या नात्यानेही. मग तिने एक प्रश्न विचारला. ‘ते इथं काय काय बघायला गेले असतील?’ आम्ही सांगितले, की ते बहुधा काही बघायला गेले नसावेत. सकाळी ग्रंथालय उघडण्यापूर्वी जाऊन बसायचे आणि बंद होईपर्यंत वाचायचे, अशी त्यांची दिनचर्या. त्या अभ्यासातून लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी त्यांनी मिळवली. ‘म्हणजे कामासाठी आले, काम केलं, परत गेले,’ आई म्हणाली. टेकडी चढताना ती हाच विचार करीत असावी. आम्हाला मात्र वरचे दृश्य दाखवण्याची घाई होती.

१६ मे रोजी अधिक ज्येष्ठ लागला. अधिक मासात उज्जैनला क्षिप्रेवर पहाटेपासून स्नानाची गर्दी असते, आणि आईचा हा नेम कधी चुकला नव्हता. उन्हाळ्यात क्षिप्रेला स्वतःचे पाणी राहत नाही. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून तिच्यात सोडतात, तेव्हा कोठे घाटांना पाणी लागते. ‘उसनं पाणी,’ आई म्हणे, ‘पण नदीच्या पात्रात पडलं की तिचंच होतं.’ रिचमंडला आम्ही तिला थेम्सच्या काठी नेले. तिने वाकून ओंजळभर पाणी घेतले, सूर्याकडे पाहून सोडले, डोळ्यांना लावले. जवळून वल्ही मारीत जाणाऱ्या तरुणांनी हात हलवला. तिनेही हलवला.

अधिक मासातला दुसरा विधी जावयाच्या वाणाचा. तेहेतीस अनारसे, ताटात दिवा. अनारसे हे काही दुकानातून आणून भागत नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत कोरडे करून दळायचे, गुळात मळून पीठ मुरत ठेवायचे. वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर गूळ आणि खसखस मिळाली. आई चार दिवस त्या पिठाच्या मागे होती आणि त्या चार दिवसांत तिने एकदाही विचारले नाही की शनिवारी कुठे जायचे. पहिला घाणा तुपात पडला तो हसला. वाचकांपैकी ज्यांनी अनारसे केले आहेत, त्यांना कढईत अनारसा हसतो म्हणजे करणाऱ्याला रडू येते, हे सांगायला नको. तिने पिठात हात घालून पाहिले, थोडे कोरडे पीठ मिसळले, आणि दुसऱ्या घाण्यापासून जाळी उमटू लागली. इतक्यात छतावरचे धुराचे यंत्र किंचाळायला लागले. जावईबापू खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत आहेत, नात कान धरून नाचते आहे, आणि आई शांतपणे झारा धरून म्हणते आहे, ‘ओरडू दे त्याला. एकोणतीस झाले, चार राहिले.’

ती सहलीची आठवण नव्हे, म्हणून त्या वेळी आम्ही ती मनात नोंदवलीही नाही.

तशीच दुसरी. जूनमधल्या एका शनिवारी हॅम्प्टन कोर्टची तिकिटे काढलेली होती. नातीला आदल्या रात्री ताप आला आणि बेत फिसकटला. आम्ही हळहळत होतो. दुपारी पाहतो तो आई घरात नाही. परसात गेलो, तर कुंपणापलीकडे शेजारच्या आजींच्या बागेत दोघी बाकावर बसलेल्या. या आजी निवृत्त परिचारिका, एकट्याच राहतात, आमचे त्यांच्याशी वर्षानुवर्षे हवापाण्याच्या दोन वाक्यांपलीकडे बोलणे नव्हते. मध्ये वाटाण्याच्या शेंगांची टोपली. आईला इंग्रजी येत नाही, आजींना हिंदी-मराठी येत नाही. ताप उतरलेली नात मधे बसून दुभाष्याचे काम करीत होती. पण तिची फारशी गरज नसावी, कारण शेंगा सोलण्याला भाषा लागत नाही. आदल्या आठवड्यात आईने त्यांना अनारसे नेऊन दिले होते, असे आम्हाला तेव्हा कळले. आज त्यांच्या गुडघ्याला सूज होती आणि वाटाणे तोडायला वाकवत नव्हते. आईने तोडून दिले. दोन तासांनी ती परतली ती हातात वाटाण्यांचे भांडे घेऊन, आणि संध्याकाळभर बोलत राहिली: आजींच्या बागेत माती कशी काळी आहे, वेलींना काठ्या कशा तोकड्या पडल्या आहेत, मंगळवारी पुन्हा यायला सांगितले आहे. ‘आज बरं वाटलं,’ ती म्हणाली. आम्ही म्हटले, ‘पुढच्या शनिवारी हॅम्प्टन कोर्ट नक्की.’ ती काही बोलली नाही.

शेवटची सहल ग्रिनिचची. ती आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती. आमच्या दृष्टीने तो हुकमाचा एक्का होता. वेस्टमिन्स्टरहून सकाळच्या बोटीने निघालो. ओहोटी होती, पाणी समुद्राकडे धावत होते, बोट झरझर गेली. टेकडीवरची वेधशाळा १६७५ मध्ये स्थापन झाली. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि बहुमताने ठरले, की जगाचे रेखांश या टेकडीपासून मोजायचे. अंगणात ती मध्यरेषा धातूच्या पट्टीने आखलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून छायाचित्र काढण्यासाठी माणसे रांगेत उभी असतात. दुपारी एकला मनोऱ्यावरचा तांबडा गोळा खाली पडतो. १८३३ पासून नदीतली जहाजे त्यावर आपली घड्याळे लावीत आली.

आईला हे सारे परके नव्हते. वडील घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला उज्जैनची वेधशाळा दाखवायला नेत, आणि आई डबा घेऊन बरोबर असे. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या त्या यंत्रांचा जीर्णोद्धार माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये केला. तिचे अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे मराठीच. आपल्या प्राचीन ज्योतिषांनी शून्य रेखांश उज्जैनवरून धरला होता, आणि अरबांच्या ग्रंथांतून तेच नाव ‘अरीन’ असे अपभ्रष्ट होऊन युरोपात गेले, हेही वडिलांच्या तोंडून तिने शंभरदा ऐकलेले. ती रेषेजवळ आली, खाली वाकून पाहिले, आणि नातीला म्हणाली, ‘आमच्याकडे पण आहे. फक्त रांग नसते.’ मग हिशेब करून सांगितले, की इथल्या सूर्याला डोक्यावर यायला आमच्यानंतर पाच तास तीन मिनिटं लागतात. नातीने फोनवर गणित करून पाहिले. बरोबर निघाले. ‘मग खरी रेषा कुठली, आजी?’ तिने विचारले. आई म्हणाली, ‘मोजायला कुठूनतरी सुरुवात करावी लागते बाळा. जो जिथून मोजतो, तिथली त्याला खरी.’

परतीच्या बोटीला अवकाश होता. धक्क्याजवळच्या बाकावर चादर पसरून आम्ही बसलो. आई नदीकडे टक लावून पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, ‘सकाळी पाणी त्या बाजूला जात होतं. आता उलटं कसं?’

जावईबापूंनी समजावून सांगितले, की ही भरती आहे. समुद्राचे पाणी नदीत शिरते आणि वर टेडिंग्टनपर्यंत जाते. दिवसातून दोनदा असे होते.

‘दिवसातून दोनदा नदी माघारी जाते?’

‘हो, आई.’

‘आणि तिला कुणी नावं ठेवत नाही?’

‘नाही.’

‘मग मी एकदाच जाते म्हणते,’ आई म्हणाली. ‘जावईबापू, माझं तिकीट बघा. महिनाअखेरचं मिळालं तर बरं. आमच्याकडे शाळा उघडतील.’

बोटीत आम्ही कोणीच फारसे बोललो नाही. घरी आल्यावर, नात झोपल्यावर, आम्ही तिला विचारले. काय चुकले, काय कमी पडले? लेकीच्या घरी राहायचा संकोच अजून वाटतो का? ती म्हणाली, तो संकोच अनारशांच्या दिवशीच गेला. मग तिने जे सांगितले, ते आम्ही शक्य तितके तिच्याच शब्दांत देतो.

‘तुम्ही मला काही म्हणजे काही कमी केलं नाही. रोज विचारता, आई दमलात का, आई काय खाल. भांडं उचललं तर हातातून काढून घेता. सगळं दाखवलंत. पण अगं, बघण्यावर माणूस किती दिवस काढेल? तिकडे संध्याकाळी सात-आठ पोरं येतात अंगणात, छिप्यांची, तुरुंगातल्या शिपायांची. त्यांना पाढे येत नाहीत. यांच्या माघारी मीच घेते. समोरच्या दोन घरांच्या चाब्या माझ्याकडे असतात. पक्ष्यांच्या परळात पाणी घालायचं असतं. इथं माझ्याकडे कुणाची चाबी नाही.’

चावीला ‘चाबी’ म्हणणारी तिची माळव्याची मराठी आम्हाला एरवी गोड वाटते. त्या रात्री तो शब्द खोल लागला.

आम्ही म्हटले, सवय होईल, सगळ्यांना होते. तेव्हा ती म्हणाली, ‘आपले मूळपुरुष शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, तेही परमुलखातच आले. ते काही हिंडून-फिरून माळव्याचे झाले नाहीत. कुणी कचेरी सांभाळली, कुणी शाळा काढली, कुणी देवळं बांधली, तेव्हा तो मुलूख आपला झाला. तुम्ही इथं नोकरी करता, तुमचं हे गाव होईल. माझं या वयात व्हायचं, तर मला काहीतरी करू द्यायला हवं होतं.’ थोडे थांबून म्हणाली, ‘तुम्ही मला पाहुणी केलंत. प्रेमानं केलंत. पण पाहुण्यानं परत जायचंच असतं.’

जून संपता संपता ती गेली. जाण्यापूर्वी चादर तिने धुऊन, घडी घालून शेजारच्या आजींना दिली.

२०२० चा अधिक आश्विन साथीत गेला. विमाने बंद, भैरवगढ एका टोकाला, आम्ही दुसऱ्या. आईने तेहेतीस अनारसे केले, ताटात दिवा लावून फोनवर जावयाला दाखवले, आणि अंगणातल्या पोरांना वाटून टाकले. त्या दिवसांत तिला काय हवे-नको ते त्याच पोरांच्या घरच्यांनी पाहिले. दूध, औषध, किराणा, सारे दाराशी येत होते. आम्ही येथून रात्र रात्र जागत होतो, आणि ज्यांची नावेही आम्हाला नीट ठाऊक नव्हती ती माणसे तिच्या चाब्या सांभाळत होती.

२०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि शाळेला सुट्टी लागताच आम्ही तिघे भैरवगढला गेलो. जाताना यादी करून नेली होती: महाकाल लोक, सांदीपनी आश्रम, कालियादेहचा महाल आणि तेथली बावन्न कुंडे. आईने यादी वाचली आणि खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवसापासून जावईबापू ओसरीवर बसून शेजाऱ्यांच्या पेन्शनचे अर्ज भरू लागले. गणिताचा वर्ग दुसरीच्या गळ्यात पडला. नात पोरांना इंग्रजी शिकवू लागली आणि त्या बदल्यात छिप्यांच्या घरी जाऊन कापडावर गरम मेणाची रेघ ओढायला शिकली. उज्जैनच्या बाटिकला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले होते. तिच्या गुरुजींनी तिला ते अभिमानाने सांगितले. सिद्धवटावर गेलो ते वडिलांचे श्राद्ध करायला, आणि कालभैरवाला गेलो ते शेजारणीच्या नातवाच्या नवसासाठी. निघायच्या दिवशी दोन लहान मुली नातीला बिलगून विचारत होत्या, ‘दीदी, अब कब आओगी?’ आम्ही काय काय पाहिले, हे कोणीच विचारले नाही.

आई अजून तेथेच आहे. ती एकटी आहे ही टोचणी गेलेली नाही. रात्री-अपरात्री फोन वाजला की आजही आमच्या छातीत धस्स होते. या प्रश्नाला नेमके उत्तर असते, असे आता आम्हाला वाटत नाही. अधिक ज्येष्ठ पुन्हा २०२६ चा. त्या वेळी तिने यावे की आम्ही जावे, हे तिनेच ठरवायचे, एवढे मात्र आम्ही तिला कबूल केले आहे. तिने यायचे ठरवले, तर या खेपेस भांडे तिच्या हातातून काढून घ्यायचे नाही, हेही.

मे महिन्याचे शनिवार आमच्याकडेही बदलले आहेत. सकाळी आम्ही कुंपणापलीकडे जातो, आजींच्या वाटाण्याच्या वेलींना काठ्या रोवतो, माती उकरून देतो. त्यांचे गुडघे आता फारच दुखतात. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते. दुपार उरली तर बागेत जातो, नाही उरली तर नाही. गेल्या उन्हाळ्यात एकदा त्यांच्या परसात दोरीवर भैरवगढची ती चादर वाळत होती. तांबडा रंग बराच उडाला आहे. मेणाच्या भेगांच्या रेघा तेवढ्या अजून स्पष्ट दिसतात. पाऊस येईलसे वाटले, म्हणून आम्ही ती काढून, घडी घालून आत नेऊन ठेवली.